हॉल, गॉर्डन

(८ एप्रिल १७८४ – २० मार्च १८२६). मराठी मुलखात आलेल्या पहिल्या दोन अमेरिकन मिशनऱ्यांपैकी एक, अमेरिकन मराठी मिशनचा संस्थापक आणि नव्या कराराचा मराठी भाषांतरकार. याचा जन्म अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानातील टॉलंड येथे झाला व १८०८ साली विल्यम्स कॉलेजातून तो पदवीधर झाला.

सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, अशी जी आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूच्या मुखी आहे, ती प्रेषितांपुरतीच होती, असे प्रॉटेस्टंट पंथातील अनेक धर्मपंडित दीर्घकाळ मानीत आले होते. हे मत विल्यम कॅरी या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७९२ च्या आपल्या निबंधात खोडून काढले आणि ती आज्ञा प्रत्येक पिढीतील ख्रिस्ती मनुष्यावर बंधनकारक असल्याचे प्रतिपादिले. हा विचार अमेरिकेत पोहोचला तो मुख्यतः विद्यार्थ्यांच्या द्वारे. १८०६ साली विल्यम्स कॉलेजातील सॅम्युएल मिल्स व त्याचे चार सहाध्यायी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले असता आशियात सुवार्ता नेण्याविषयी त्यांनी जी प्रार्थना केली, तीतून पुढे १८१० साली ‘अमेरिकन बोर्ड’ ही परदेशी मिशनांची संस्था उदयास आली. हॉल त्या बैठकीत नव्हता. पण मिल्सच्या सहवासात तोच विचार त्याच्या मनाने घेतला. कनेक्टिकटमधील वुडबरी येथील मंडळीने त्याला आपला पाळक होण्याची विनंती केली असता, घरदार, मानमरातब व निश्चित वेतन देणारे ते स्थान त्याने नाकारले. पाचारण म्हणजे क्षणिक उमाळा नव्हे, तर दुसरी सुखाची वाट समोर मोकळी असताना ती सोडून देण्याचा निर्णय होय, हे हॉलच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके मिशनच्या इतिहासात क्वचितच दिसते.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे जडसन, न्यूवेल, नॉट व राइस या चार सहकाऱ्यांसमवेत त्याला मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्याच महिन्यात हे पाचही जण दोन निरनिराळ्या जहाजांनी निघाले व पुढे कलकत्त्यास पोहोचले. तेथे त्यांचे स्वागत झाले ते निघून जाण्याच्या हुकमाने. १८०६ च्या वेलोरच्या शिपायांच्या उठावापासून धर्मप्रसाराने रयत बिथरेल अशी धास्ती ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला वाटत होती. त्यातच इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपल्याने हे तरुण शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. न्यूवेलची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट हिचा आश्रय शोधण्याच्या याच धावपळीत मॉरिशस बेटावर अंत झाला. हॉल व नॉट यांनी मुंबई गाठली ती फेब्रुवारी १८१३ मध्ये. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने अनुकूल असला तरी वरिष्ठांचा हुकूम मोडण्याचा अखत्यार त्याला नव्हता. हद्दपारी अटळ दिसताच दोघे गुप्तपणे कोचीनकडे निसटले, पण पकडून परत आणले गेले. तेव्हा हॉलने गव्हर्नरास ज्या दरखास्ती लिहिल्या त्यांत कायद्याची सबब नव्हती. ईश्वराच्या आज्ञेने आलेल्यांना परत धाडण्याची जबाबदारी आपण शिरावर घेणार काय, असा सरळ सवाल होता. ते दोघे इंग्लंडच्या जहाजावर चढविले जाण्याच्या बेतात असताना हुकूम तहकूब झाला, आणि कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाल्यावर पुढील साली त्यांचे वास्तव्य कायम झाले. नॉट १८१५ मध्ये प्रकृतीमुळे परतला. न्यूवेल १८१४ मध्ये सिलोनहून मुंबईस येऊन मिळाला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला.

हॉलने मराठी शिकून बाजारांत, देवळांजवळ व रस्त्यांच्या कडेला भेटेल त्याच्याशी संभाषण करण्याचा क्रम ठेवला, मुलांसाठी शाळा काढल्या आणि नव्या कराराचे भाषांतर हाती घेतले. हॉरेशियो बार्डवेल हा मुद्रणकला जाणणारा सहकारी आल्यावर कलकत्त्याहून देवनागरी टाइप आणवून छापखाना सुरू झाला व १० मार्च १८१७ रोजी शास्त्रवचनांच्या आठपानी पुस्तिकेच्या दीड हजार प्रती छापून निघाल्या. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा उघडली. येथील धर्माविषयी या पिढीच्या मिशनऱ्यांनी जे लिहिले त्यात कठोरपणा व अपुरी समज दोन्ही आहेत, आणि हॉलही त्याला अपवाद नाही. मात्र ज्या लोकांविषयी तो लिहीत होता त्यांच्यामध्येच त्याने आयुष्य काढले, हे त्याच्याविषयी मत बनविताना विसरता येत नाही. बाप्तिस्मा घेणारे त्याच्या हयातीत अगदी थोडे निघाले. संख्येवरून पाचारणाची कसोटी लावणाऱ्यास त्याचे आयुष्य निष्फळ वाटेल. त्याने स्वतः मात्र काम टाकले नाही.

१८२५ मध्ये त्याने पत्नी मार्गारेट हिला मुलांसह प्रकृतीच्या कारणास्तव अमेरिकेस पाठविले व आपण मागे राहिला. १८२६ च्या आरंभी, मराठी बोलणाऱ्या एक कोटी वीस लाख लोकांसाठी अधिक माणसे पाठवा, असे आवाहन त्याने स्वदेशीच्या मंडळ्यांना लिहिले आणि मार्चमध्ये तो नाशिक व त्र्यंबकच्या दौऱ्यावर निघाला. नाशिकला पटकीची साथ ऐन भरात होती. जवळची बहुतेक औषधे त्याने रोग्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळाच्या ओसरीत तो रात्री निजला असता पहाटे त्यालाच पटकीने गाठले व काही तासांतच, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. दौऱ्यात बरोबर असलेल्या तरुण सोबत्यांनी तेथेच त्याचे दफन केले. नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला. आवाहनपत्र अमेरिकेत पोहोचले तेव्हा लेखक हयात नव्हता, आणि त्यामुळेच ते अधिक वाचले गेले.

त्याच्यामागून १८२७ मध्ये सिंथिया फॅरार ही अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्या पहिल्या अविवाहित स्त्री मिशनऱ्यांपैकी एक म्हणून मुंबईस आली. पुढे तिने अहमदनगरला चालविलेली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. मिशनचे अहमदनगरचे ठाणे १८३१ मध्ये स्थापन झाले व तेथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. मिशनच्या मुंबईच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने मराठी अक्षरांचे साचे सुधारले, आणि त्याच छापखान्यात लहानपणी कामास लागलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे निर्णयसागर छापखाना काढून संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व सुबक आवृत्त्या प्रसिद्ध केल्या.