मांजराचें पडसें : एका नांवाचा इतिहास

रोगाचें नांव ही त्या रोगाविषयींची पहिली उपपत्तीच होय. नांव चुकलें म्हणजे विचारहि चुकतो, आणि चुकलेलें नांव एकदां लोकांच्या तोंडीं बसलें कीं तें सुधारण्यास पिढ्या लागतात. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘दूषित हवा’ असा आहे; त्यांत डासाचा मागमूसहि नाहीं. आज आम्ही ज्या उदाहरणाचा विचार करणार आहों तें कित्येकांस क्षुल्लक वाटेल, कारण तें मांजराचें आहे. परंतु ज्ञान कोणत्या वाटेनें पुढें सरकतें हें पाहावयाचें असल्यास लहान विषयहि पुष्कळ शिकवितो.

मांजर शिंकूं लागतें, नाक वाहतें, डोळे चिकटतात. आणि वासावरच त्याची रुचि अवलंबून असल्यामुळें नाक बंद होतांच तें अन्न टाकतें. पिल्लें तर कित्येकदां यांतून उठतच नाहींत. इंग्रजींत या दुखण्यास ‘कॅट फ्लू’, म्हणजे मांजराचा इन्फ्लुएंझा, असें म्हणतात. गंमत अशी कीं, या सर्वसाधारण पडशाशीं इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा कांहींएक संबंध नाहीं.

मांजरांच्या रोगांचा पद्धतशीर अभ्यास फार उशिरां सुरू झाला. १९२८ सालीं फ्रान्समध्यें व्हर्ज व क्रिस्टोफोरोनी यांनीं मांजरांचा एक मारक रोग जंतूंस अडविणाऱ्या गाळणींतून पार होणाऱ्या विषाणूनें होतो असें दाखविलें. १९३९ सालीं अमेरिकेंत हॅमन व एंडर्स यांनीं त्याच रोगाचें सविस्तर वर्णन केलें. हा रोग आंतड्यांचा आणि रक्तांतील पांढऱ्या पेशींचा. परंतु लोकांनीं त्यास कुत्र्याच्या ‘डिस्टेंपर’ रोगाचें उसनें नांव देऊन टाकलें. दोहोंचे विषाणू मात्र अगदीं भिन्न आहेत.

पडशाच्या बाबतींत गोंधळ याहूनहि मोठा झाला. रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील शाखेंत बेकर यांस फुप्फुसदाह झालेल्या मांजरांत एक रोगबीज सांपडलें. १९४२ व १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यांनीं त्यास ‘विषाणू’ म्हटलें, आणि माणसाच्या एका फुप्फुसरोगाशीं त्याचें नातें असावें असाहि तर्क केला. त्या काळच्या साधनांनीं दुसरा निष्कर्ष काढणें कठीणच होतें, कारण हें बीज जिवंत पेशीच्या आंतच वाढतें. पुढें अमेरिकेंत मांजराच्या पडशाचें मुख्य कारण म्हणून कित्येक वर्षें त्याकडेच बोट दाखविलें जाई. १९६० नंतरच्या दशकांत तें विषाणू नसून एक सूक्ष्म जंतु आहे असें ठरलें. आज त्याचें नांव क्लॅमिडिया फेलिस असें असून त्याचा मुख्य मारा डोळ्यांवर होतो. हा भेद केवळ पंडिती नव्हे. टेट्रासायक्लिनच्या वर्गांतील औषधें जंतूवर चालतात, विषाणूवर चालत नाहींत.

खरे अपराधी सांपडण्यास नवी युक्ति लागली. १९४९ सालीं एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनीं पोलिओचा विषाणू शरीराबाहेर, कांचपात्रांत जगविलेल्या मज्जेतर पेशींत वाढवून दाखविला व त्याबद्दल १९५४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हे तेच एंडर्स, ज्यांनीं पूर्वीं मांजराचा रोग अभ्यासिला होता. पेशी वाढविण्याची ही विद्या पसरतांच मांजराकडेहि तिचा प्रकाश वळला. १९५७ सालीं न्यूझीलंडमध्यें फास्टियर यांनीं आज कॅलिसी नांवानें ओळखला जाणारा विषाणू वेगळा केला. १९५८ सालीं अमेरिकेंत क्रॅन्डेल व मॉरर यांनीं आजारी पिल्लांतून हर्पीस कुलांतील विषाणू काढला. मांजराच्या पडशाचा बहुतेक भार या दोघांच्याच माथीं आहे. पहिला जिभेवर व्रण उठवितो व नाना रूपें पालटतो; दुसरा नाक, घसा आणि डोळे यांवर तुटून पडतो.

येथें कथा संपली असती तर बरें झालें असतें. परंतु हर्पीसचा विषाणू रोग बरा झाल्यावरहि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशीं दडून राहतो. इंग्लंडमध्यें गॅस्केल व पोव्ही यांनीं १९७७ सालीं दाखवून दिलें कीं, बरें झालेलें मांजर ताण पडल्यावर पुन्हा विषाणू बाहेर टाकूं लागतें. नवी जागा, दाटी, बाळंतपण, एवढें निमित्त त्यास पुरतें. त्याच दशकांत लसी आल्या. त्या रोगाची तीव्रता पुष्कळ कमी करतात, परंतु संसर्ग सर्वस्वीं थांबवीत नाहींत. म्हणून निराधार मांजरांच्या आश्रयस्थानीं खरा प्रश्न रोग्याचा नसून निरोगी दिसणाऱ्याचा असतो. अशा मांजरास दोषी ठरवून मारून टाकणें हा आम्हांस न्यायहि वाटत नाहीं व शहाणपणहि वाटत नाहीं. गर्दी कमी करणें, भांडीं वेगळीं ठेवणें, एकास स्पर्श केल्यावर हात धुऊन दुसऱ्याजवळ जाणें, हे साधे उपाय अधिक फलदायी आहेत.

आतां नियतीचा विनोद पाहा. खरा इन्फ्लुएंझा मांजरास फारसा बाधत नाहीं अशी समजूत होती. २००४ सालीं थायलंडांत कोंबड्यांचें कच्चें मांस खाऊन एका प्राणिसंग्रहांतील शंभरांहून अधिक वाघ पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझानें मेले किंवा मारावे लागले. आणि त्याच वर्षीं नेदरलंडमधील संशोधकांनीं घरगुती मांजरासहि तो होतो व एकापासून दुसऱ्यास लागतो हें प्रयोगानें सिद्ध केलें. डिसेंबर २०२४ मध्यें हें संकट आमच्या दारीं आलें. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रांत तीन वाघ व एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनें त्याच विषाणूचा निर्वाळा दिला. जें नांव खोटें म्हणून शास्त्रानें टाकलें तें अशा रीतीनें निराळ्याच अर्थानें खरें ठरलें.

मांजर आमच्या चुलीजवळ निजतें आणि मुलांच्या मांडीवर बसतें. जो प्राणी इतका जवळचा, त्याच्या दुखण्याची उपेक्षा ही केवळ निर्दयता नसून अदूरदृष्टीहि आहे. मांजराचा अभ्यास करणाऱ्यानेंच पोलिओवरील लसीची वाट मोकळी केली, आणि पोलिओसाठीं निघालेल्या युक्तीनेंच मांजराच्या पडशाचा उलगडा झाला. ज्ञानाच्या प्रांतांत मोठें व क्षुद्र अशी पंगत मांडतां येत नाहीं, एवढें जरी या लहानशा इतिहासावरून वाचकांच्या मनीं ठसलें तरी आमचा हेतु सफल झाला.