कचऱ्याच्या राखेचे काँक्रीट

सिंगापूरमध्ये कचरा भट्टीत जाळल्याने त्याचे आकारमान सुमारे ९० टक्क्यांनी घटते. उरलेली राख १९९९ पासून सेमाकाऊ येथील भराव क्षेत्रात टाकली जाते. देशातील हे एकमेव भराव क्षेत्र २०३५ च्या सुमारास भरेल, असा सरकारी अंदाज आहे. त्यामुळे भट्टीच्या तळाशी उरणारी राख बांधकामात वाळूऐवजी वापरण्याचे प्रयत्न तेथे सुरू आहेत. मात्र ती काँक्रीटमध्ये तशीच मिसळता येत नाही. राखेतील अ‍ॅल्युमिनियमची सिमेंटमधील अल्कलीशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू निर्माण होतो. परिणामी काँक्रीट फुगून त्याला तडे जातात. क्लोराईडमुळे आतील सळया गंजतात, तर शिशासारखे जड धातू पाण्यात झिरपण्याचा धोका असतो. म्हणून धातू वेगळे काढून व राख धुऊनच ती वापरणे हितावह ठरते.