टीव्हीचं दुसरं दार

मंडळी, आज जरा वेगळा इतिहास. पेशवाई आणि सत्तावन्न यांवर इथे भरपूर लिहून झालं आहे (घरची मंडळी कंटाळली असणार, पण तोंडावर कोणी सांगत नाही). आजचा विषय फार तर पन्नास वर्षांचा आहे आणि आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीला टांगलेला आहे. संगणकात ठेवलेलं गाणं किंवा चित्रफीत टीव्हीवर लावायची सोय कशी झाली, कोणी केली, याचा हा इतिहास. वरवर तो तारांचा आणि यंत्रांचा वाटतो. मला मात्र त्याबद्दल वाचताना सारखी कूळकायद्याची आठवण येत होती. कसणारा कोण आणि सातबारा कोणाच्या नावावर!

सुरुवात आपल्याकडूनच करू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या टीव्हीला एकच दार होतं, गच्चीवरची अँटेना. केंद्रावरून जे येईल ते, येईल त्या वेळी बघायचं. चुकलं की चुकलं, मग दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलेल्या गोष्टीवर समाधान मानायचं. आपल्या घरातलं काही त्या पडद्यावर दिसावं असं कोणाच्या मनातही येत नसे. खोका आपला, वीज आपली, पडदा मात्र सरकारचा.

दुसरं दार किलकिलं केलं ते व्हिडिओ कॅसेटनं. सोनी कंपनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स बाजारात आणला आणि टीव्हीवरचा कार्यक्रम घरच्या घरी टेपवर उतरवून घेता येऊ लागला. हॉलिवूडच्या पोटात लगेच दुखलं. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीला कोर्टात खेचलं. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९८४ ला निकाल लागला: नंतर सवडीनं बघण्यासाठी घरी उतरवून घेणं कायद्याविरुद्ध नाही. पाच विरुद्ध चार मतं! एक न्यायाधीश पलीकडे बसता तर पुढचा सगळा इतिहास वेगळा झाला असता. या खटल्यात फ्रेड रॉजर्स नावाच्या गृहस्थांची साक्ष झाली होती. ते तिकडे लहान मुलांचा फार लाडका कार्यक्रम करत. आपला कार्यक्रम उतरवून घेऊन घरच्यांनी त्यांच्या सोयीनं एकत्र बघितला तर आपल्याला आनंदच आहे, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं आणि न्यायालयानं निकालपत्रात त्याची दखल घेतली. मास्तरकी केलेल्या बाईला हे वाचून बरं वाटणारच.

आपल्याकडे केबलवाला आला. १९८० च्या दशकात मुंबईत एका खोलीत व्हीसीआर, तिथून निघालेली काळी वायर, ती झाडावरून, गच्चीवरून, पाण्याच्या टाकीवरून प्रत्येक घरात, आणि रात्री सगळ्या सोसायटीत एकच सिनेमा. उपग्रह वाहिन्या नंतर आल्या. हे सगळं फारसं नियमात बसणारं नव्हतं हे खरं. पण एका यंत्रात लावलेली गोष्ट वायरीनं अनेक पडद्यांवर दाखवणं, ही कल्पना आपल्या गल्लीबोळांना संगणकाच्या आधीच कळली होती हेही तितकंच खरं.

आता संगणकाकडे येऊ. पहिली अडचण आकाराची. सीडीवरचं एक मिनिटाचं गाणं सुमारे दहा एमबी जागा खातं. १९९५ च्या घरगुती संगणकात अशी एक सीडीसुद्धा जेमतेम मावली असती. जर्मनीत एर्लांगेन गावी फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यावर वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांचं मूळ निरीक्षण साधं होतं. ताशा वाजत असताना शेजारी टाचणी पडली तर आपल्याला ऐकू येत नाही. मग ती टाचणी साठवून तरी कशाला ठेवायची? कानाला जे कळणारच नाही ते गाळायचं. असं गाळत गाळत त्यांनी आवाज अकराव्या हिश्शात बसवला. १४ जुलै १९९५ ला या फायलींचं आडनाव ठरलं, एमपीथ्री.

यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. गाळणी नीट झाली की नाही हे तपासायला ब्रांडेनबुर्ग सुझॅन व्हेगा या गायिकेचं एक गाणं पुन्हा पुन्हा ऐकत. का, तर त्यात वाद्यं नाहीत, नुसता गळा आहे. वाद्यांच्या गर्दीत दोष लपतो, उघड्या आवाजात तो लगेच सापडतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

दुसरी अडचण वाटेची. फाईल संगणकात, टीव्ही दुसऱ्या खोलीत. आधी लोकांनी सरळ वायर टाकली. पण तेव्हाच्या टीव्हीवर संगणकावरची बारीक अक्षरं लुकलुकत आणि वाचता येत नसत. शिवाय दर वेळी उठून संगणकापाशी जायचं. खरी वाट काढली ती विद्यार्थ्यांनी, आणि तीही काहीशी गंमतीनं. पॅरिसजवळ इकोल सेंट्राल या नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसाहतीत संगणकांचं जाळं फार मंद होतं. पोरांना ते वेगवान हवं होतं, आणि मोठं कारण जाळ्यावर खेळायचे खेळ! पण खेळासाठी पैसे कोण देणार? मग योजना निघाली की खोल्याखोल्यांवर उपग्रहाच्या तबकड्या लावण्यापेक्षा एकच तबकडी लावू आणि तिच्यावरचा टीव्ही जाळ्यातून प्रत्येक संगणकावर पोचवू. त्यासाठी अर्थातच वेगवान जाळं हवं. १९९६ मध्ये ‘व्हिडिओलॅन’ हा प्रकल्प सुरू झाला. (आमच्या शाळेतली मुलं मैदान मागायला यायची तेव्हा कारण व्यायामाचं असायचं आणि डोक्यात क्रिकेट. मुलं सगळीकडे सारखीच.)

इथे ‘स्ट्रीमिंग’ हा शब्द सोडवून सांगते. पूर्ण फाईल आधी आणून मग लावणं म्हणजे हंड्यानं पाणी भरणं. स्ट्रीमिंग म्हणजे पाटाचं पाणी, येतं तसं वाफ्यात जातं. मधेच पाटाला खंड पडला तर वाफा कोरडा पडू नये म्हणून वर छोटा हौद ठेवतात, त्याला बफर म्हणतात. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं की समजायचं हौद रिकामा झाला.

१ फेब्रुवारी २००१ ला महाविद्यालयाच्या परवानगीनं या विद्यार्थ्यांनी आपलं काम कोणालाही फुकट वापरता, बदलता आणि वाटता येईल अशा परवान्याखाली खुलं केलं. तुमच्या संगणकावर रस्त्यावरच्या केशरी शंकूचं चित्र असलेला व्हीएलसी आहे ना, तो हाच. शंकूसुद्धा त्या पोरांनी कुठून कुठून गोळा करून आणलेल्या शंकूंवरूनच आला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स हे खेळाचं यंत्र आणलं. त्याच्या पोटात होता सरळ सरळ संगणक, आणि तो टीव्हीला जोडायला, रिमोटनं चालवायला तयार. काही हौशी मंडळींनी त्याचं कुलूप उघडलं आणि २००२ मध्ये त्यासाठी चित्रफिती दाखवणारा प्रोग्राम लिहिला. २००४ पासून तो एक्सबॉक्स मीडिया सेंटर म्हणून ओळखला जाऊ लागला. कंपनीची साधनं परवानगीविना वापरलेली असल्यामुळे तयार प्रोग्राम वाटता येत नसे, म्हणून ते फक्त त्याची मूळ संहिता प्रसिद्ध करत. बाकी तुमचं तुम्ही बघा! पुढे तो मूळ एक्सबॉक्सपासून सुटा झाला, इतर संगणकांवर गेला आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं.

हे सगळं होईतो कंपन्या झोपल्या होत्या असं नाही. १९९९ मध्ये घरातली यंत्रं एकमेकांना आपोआप ओळखतील असा नियम करायला एक मंच स्थापन झाला आणि २००३ मध्ये सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट अशा बड्यांनी त्या पायावर एक संघ उभारला. त्याचं पुढचं नाव डीएलएनए. त्याची रीत मला वर्गातल्या हजेरीसारखी वाटते. टीव्ही घरच्या जाळ्यात हाक मारतो, ‘कोणाकडे काही दाखवण्यासारखं आहे का?’ संगणक म्हणतो, ‘हजर’. टीव्ही यादी मागतो, संगणक यादी देतो, आपण रिमोटनं निवडतो आणि पाट वाहू लागतो. इंटरनेट लागत नाही, कोणाच्या दारात जावं लागत नाही. घरातलं घरात.

फक्त एक खोच होती. या संघानं टीव्हीला बंधनकारक केलेला चित्राचा प्रकार होता जुना एमपेग-२, आणि लोकांकडे फायली भलत्याच प्रकारांच्या. मग संगणकावर दुभाष्या बसवावा लागे, तो दर सेकंदाला पंचवीस चित्रांचं भाषांतर करून टीव्हीला देई. संगणक जुना असला की दुभाष्याला धाप लागे. आपल्याकडच्या व्यवहारी लोकांनी यावर उत्तर काढलंच: जाळं-बिळं राहू दे, पेनड्राइव्ह भरा आणि टीव्हीच्या पाठीत खुपसा.

आता तो राखून ठेवलेला मुद्दा. १९८६ मध्ये आमच्या अण्णानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, आईच्या ओव्या कॅसेटवर उतरवल्या. जातं तेव्हा मेतकूट-भाजणीपुरतंच उरलं होतं, पण अण्णानं हट्टानं तिला जात्यावर बसवलं. बेचाळीस मिनिटं. वाद्य नाही, साथ नाही, नुसता गळा आणि खाली जात्याची घरघर. आई गेली, पुढे अण्णाही गेला आणि कॅसेटच्या फितीला बुरशी धरली. ती पूर्ण निकामी व्हायच्या आत भाच्यानं तिची एमपीथ्री केली. घरघरीमुळे आवाज बिघडेल अशी मला भीती होती, पण गळा स्वच्छ उतरला आहे. एर्लांगेनच्या त्या माणसांचे आभार मानायला हवेत.

ही फाईल मी टीव्हीवर लावते. टीव्हीला देवनागरी येत नव्हती, ‘आईच्या ओव्या’च्या जागी नुसते चौकोन दिसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत नाव द्यावं लागलं. असो. आई कधी आकाशवाणीवर गायली नाही. कुठल्या कंपनीच्या संग्रहात तिच्या ओव्या नाहीत आणि असायचं कारणही नाही. पण ज्या पेटीतून बातम्या येतात, नाटकं येतात, त्याच पेटीतून, तितक्याच मोठ्या आवाजात ती घरभर ऐकू येते. सूनबाई स्वयंपाकघरातून ऐकते. हे दुसऱ्या दारामुळे झालं, आणि ते दार फुकट काम करणाऱ्या पोरांनी रुंद केलं.

नंतरचा इतिहास भरभर सांगते. २००७ मध्ये ॲपल टीव्ही आला. तो सुरुवातीला आपल्याच संगणकातल्या फायली टीव्हीवर आणत असे. २००८ मध्ये रोकू आला, तो मुख्यतः नेटफ्लिक्स दाखवायला. आणि २०१३ मध्ये पस्तीस डॉलरची एक कांडी आली, क्रोमकास्ट. फोनवर बटण दाबलं की चित्र टीव्हीवर! लोकांना वाटलं, फोन चित्र पाठवतोय. बहुतेक वेळा तो नुसता पत्ता सांगतो, कांडी परस्पर इंटरनेटवरून कंपनीच्या गोदामातून माल आणते. इथे पाटाचं मुख बदललं. पूर्वी ते आपल्या संगणकात होतं, आता दूरवर कुठल्यातरी कंपनीकडे गेलं, आणि बदललं हे फारसं कोणाच्या लक्षातही आलं नाही. २०१६ मध्ये जिओनं डेटा स्वस्त केला आणि आपल्याकडे तर फायली जपून ठेवायची सवयच सुटली. २०१७ मध्ये डीएलएनए संघ विसर्जित झाला.

सोय मोठी आहे, नाकारत नाही. जुने मराठी चित्रपट मीही तसेच बघते. पण स्लिंगबॉक्स नावाचं यंत्र होतं. ते आपल्याच घरातला टीव्ही परगावी आपल्याला दाखवी. ९ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीनं आपले सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या घरातली चांगली यंत्रं निकामी झाली. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टमधल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या त्या कांड्या दुरुस्ती येईपर्यंत काही दिवस ठप्प झाल्या. यंत्र विकत घेतलेलं, पैसे चुकते केलेले, तरी सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

व्हीएलसी आणि कोडी अजून चालू आहेत, अजून फुकट आहेत. भाच्यानं माझ्या संगणकावर दोन्ही बसवून दिले आहेत.

ओव्यांची फाईल चाळीस एमबीची आहे. तिच्या प्रती वाई, ठाणे, बडोदा आणि न्यू जर्सी इथल्या घरांत पोचल्या आहेत. बेळगावच्या माईनं अजून नेलेली नाही. माई, हे वाचलंस की फोन कर, आणि दिवाळीला येशील तेव्हा पेनड्राइव्ह मोकळा करून आण.