फुलपाखरू उद्यान

फुलपाखरू उद्यान म्हणजे फुलपाखरांना मधुरस, आडोसा व अंडी घालण्यास योग्य वनस्पती मिळाव्यात या हेतूने लावलेली व जोपासलेली बाग होय. अशी बाग घराच्या अंगणात, शाळेच्या आवारात किंवा गच्चीवरील कुंड्यांतही करता येते. फुलपाखरांबरोबरच मधमाश्या, भुंगे, पतंग आदी परागवाहक कीटकांनाही तिचा उपयोग होतो. जाळी वा काच लावून बंदिस्त केलेल्या प्रदर्शनगृहांनाही हेच नाव दिले जाते. प्रस्तुत लेखात मुख्यतः खुल्या बागेचा विचार केला आहे.

संकल्पना

पुष्कळ फुले लावली की फुलपाखरे येतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फुलांवर येते ते प्रौढ फुलपाखरू. ते मधुरस घेते आणि निघून जाते. त्याची पुढील पिढी मात्र पानांवर वाढते. अंड्यातून बाहेर पडणारी अळी ठरावीक वनस्पतींचीच पाने खाते, आणि ती वनस्पती जवळपास नसेल तर मादी तेथे अंडी घालत नाही. पानावर उतरून पुढच्या पायांनी तिची चव पारखल्यानंतरच मादी अंडे घालते. म्हणून बागेची आखणी करताना प्रथम अळीच्या खाद्यवनस्पतींचा विचार करावा, फुलझाडांचा त्यानंतर. खाल्लेली, भोके पडलेली पाने दिसणे हे अशा बागेच्या यशाचे लक्षण होय. ज्यांना प्रत्येक पान अखंड हवे असते त्यांनी या वाटेला जाऊ नये.

(बोलीभाषेत फुलपाखराच्या अळीस सरसकट ‘सुरवंट’ म्हटले जाते. हा शब्द मुख्यतः अंगावर दाट केस असलेल्या अळीसाठी रूढ आहे व अशा अळ्या बहुधा पतंगांच्या असतात. फुलपाखरांच्या बहुतेक अळ्या केसाळ नसल्याने येथे ‘अळी’ हा शब्द वापरला आहे.)

अळीच्या खाद्यवनस्पती

महाराष्ट्रातील परिसरात सर्वांत सोपा प्रारंभ कढीपत्त्याच्या कुंडीपासून होतो. लाइम बटरफ्लाय (पॅपिलिओ डेमोलियस) व कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे कढीपत्ता, लिंबू व त्यांच्या कुळातील इतर झाडांच्या कोवळ्या पानांवर एकेक गोल, फिकट पिवळे अंडे घालतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून तांबूस रंगाचा, उग्र वासाचा दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर येतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास हवामानानुसार साधारण तीन ते पाच आठवड्यांत पूर्ण होतो.

रुईच्या पानांवर प्लेन टायगर वाढते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अळीच्या शरीरात साठतात व फुलपाखरातही उतरतात, त्यामुळे पक्षी त्यास टाळतात. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या, बिनविषारी फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते व त्या सोंगाचा लाभ घेते. तिच्या अळ्या घोळीवर वाढतात. म्हणजे एका कोपऱ्यात रुई व दुसऱ्या कोपऱ्यात घोळ राहू दिली, तर अनुकरणाचा हा धडा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येतो.

कण्हेरीवर कॉमन क्रो वाढते व तिचा कोश चकचकीत, धातूसारखा असतो. पानफुटीवर रेड पिएरो येते. तिची अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते. सीताफळावर टेल्ड जे, एरंडावर कॉमन कॅस्टर, कृष्णकमळावर टॉनी कोस्टर आणि बहाव्यावर कॉमन इमिग्रंट आढळते. टाकळा, आंबुशी, घोळ यांची गणना आपण तणांत करतो आणि श्रावणात खुरपे घेऊन ती मुळासकट काढतो. पण टाकळ्यावर पिवळी ‘ग्रास यलो’ व आंबुशीवर इवलीशी निळसर ‘पेल ग्रास ब्लू’ वाढते. बागेचा काही भाग न खुरपता ठेवणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

मधुरसाच्या वनस्पती

प्रौढ फुलपाखरांसाठी इक्सोरा, भूतकेस, तुळस, जास्वंद, पेंटास, एकेरी पाकळ्यांचा झेंडू अशी झाडे उपयुक्त ठरतात. एकाच जातीची रोपे गटाने लावल्यास ती लांबून लक्षात येतात. भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या संकरित फुलांत मधुरस अनेकदा अल्प असतो किंवा त्यापर्यंत सोंड पोहोचत नाही. खुळखुळा व भुरुंडी या वनस्पतींकडे टायगर गटातील नर मधुरसाखेरीज विशिष्ट अल्कलॉइड द्रव्यांसाठीही आकर्षित होतात.

घाणेरीवर फुलपाखरांची गर्दी असते, म्हणून ती लावण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. हा सल्ला स्वीकारू नये. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती पक्ष्यांमार्फत पसरते व जंगलातील स्थानिक झुडपांची, म्हणजे पर्यायाने अनेक अळ्यांच्या खाद्यवनस्पतींची, जागा बळकावते.

ऊन, पाणी व आडोसा

फुलपाखरांचे शरीर उन्हाने तापल्याशिवाय ती नीट उडू शकत नाहीत. त्यामुळे दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळणारी व वाऱ्यापासून काहीशी सुरक्षित जागा निवडावी. ओल्या मातीवर बसून क्षार शोषण्याची सवय विशेषतः नरांना असते. पसरट थाळीत माती व वाळू घालून ती ओलसर ठेवल्यास ही गरज भागते. पाणी साचू देऊ नये, अन्यथा डास होतात. रोपे पावसाळ्याच्या प्रारंभी लावावीत. फुलपाखरांची संख्या सामान्यतः पावसाळा सरताना व त्यानंतरच्या काही आठवड्यांत सर्वाधिक असते.

इतर परागवाहक

परागीभवनाच्या कार्यात फुलपाखरांपेक्षा मधमाश्यांचा व इतर माश्यांचा वाटा मोठा आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. वांगी व टोमॅटो यांच्या परागकोशातून पराग झटकून काढण्यासाठी फुलाला कंप द्यावा लागतो. मधमाशीला हे जमत नाही. भुंगे व निळ्या पट्ट्यांच्या एकलमाश्या ते करतात. रुईच्या फुलांचे परागीभवनही भुंगेच करतात. भुंगे वाळक्या लाकडात घर कोरतात, म्हणून एखादा जुना ओंडका बागेत राहू द्यावा. गुलाबाच्या पानांच्या कडेला गोलाकार तुकडे कापलेले दिसले, तर तो रोग नसून पाने कापणाऱ्या माशीचे काम असते. तिला त्या तुकड्यांचे घरटे करायचे असते.

कीटकनाशके

फुलपाखरू उद्यानात रासायनिक कीटकनाशके वापरू नयेत. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही द्रव्ये झाडात मुरून मधुरस व परागांतही उतरतात; म्हणून रोपे घेताना रोपवाटिकेत फवारणीची चौकशी करावी. ‘जैविक’ या शब्दानेही निश्चिंत होऊ नये. निंबोळी अर्क व बीटी जीवाणूंची फवारणी फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारते. लिंबूवर्गीय बागायतदार व रोपवाटिकाधारक लाइम बटरफ्लायच्या अळीस उपद्रवी कीड मानतात, आणि कोवळ्या रोपांची पाने ती पूर्ण फस्त करते हे खरे आहे. घरच्या मोठ्या झाडास मात्र तिच्यामुळे सहसा कायमची इजा होत नाही. बहुतेक अळ्या पक्षी, कोळी व परजीवी गांधीलमाश्या यांच्या भक्ष्यस्थानी पडतात.

महाराष्ट्र व परिसर

२०१५ साली ब्लू मॉरमॉन (पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर) या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा दर्जा देण्यात आला. असा निर्णय घेणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. ‘राणी पाकोळी’ व ‘नीलवंत’ अशी त्याची मराठी नावे आहेत. त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढत असल्याने सह्याद्रीलगतच्या गावांत ते परसबागेत अंडी घालू शकते. ठाण्यातील घोडबंदर मार्गालगतची ओवळेकर वाडी ही खुल्या फुलपाखरू उद्यानाचे परिचित उदाहरण आहे. बंदिस्त प्रकारात बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथील २००६ साली सुरू झालेले उद्यान प्रसिद्ध आहे.