कार्ताझ: भर समुद्रातला परवाना

अरबीत कागदाला ‘किर्तास’ म्हणतात. पोर्तुगिजांनी त्याचा ‘कार्ताझ’ केला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभापासून हा कागद जवळ नसलेलं गलबत पकडायला, लुटायला मोकळं ठरवलं. व्यापाऱ्यांनी तोवर बंदरात जकात भरली होती. भर पाण्यातून जाण्यासाठी असा सरसकट परवाना हिंदी महासागरात कुणी मागितला नव्हता.

गलबताचं आणि नाखुद्याचं नाव, गलबताचा आकार, वरची माणसं, हत्यारं, कुठून निघालं, कुठे जाणार, हे सगळं त्यावर नोंदलेलं असे. मिरी आणि युद्धसाहित्य न्यायला बंदी. वाटेत गोवा किंवा दीवसारख्या पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरायची. कागदाची फी किरकोळ होती, खरी कमाई या जकातीतून होई.

अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी लिहितो, की या परवान्यावर मेरी आणि येशूची चित्रं असत. हजला निघालेल्या माणसानं तेच कागद उराशी बाळगून मक्केची वाट धरायची! एवढ्या मोठ्या बादशहाच्या यात्रेकरूंनाही ही मानहानी चुकली नाही, कारण समुद्रावर त्याचं आरमार नव्हतं.

आणि कागद असून तरी काय? 1613 मध्ये जहांगीरच्या आईचं ‘रहिमी’ हे प्रचंड जहाज पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेलं. कार्ताझ जहाजावर होता. चिडलेल्या जहांगीरनं दमणला वेढा घालायला फौज पाठवली. पाण्यावर बदला घेण्याचं साधन त्याच्याकडे नव्हतं.

ते साधन कोकणात उभं राहिलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मराठा आरमाराचे सरखेल (प्रमुख) कान्होजी आंग्रे यांनी कुलाबा किल्ल्यातून स्वतःचं दस्तक द्यायला सुरुवात केली. आपल्या किनाऱ्यावरून जायचं तर आपला परवाना घ्या, नाहीतर गुराबा आणि गलबतं आडवी येतील. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटलं. हे मला आजही खुपतं, कारण पोर्तुगिजांनी दोनशे वर्षं वापरलेलाच नियम कान्होजींनी स्वतःच्या किनाऱ्यासाठी लावला होता. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज, एरवीचे प्रतिस्पर्धी, मिळून कुलाब्यावर चालून आले. किल्ला पडला नाही. 1729 मध्ये कान्होजी वारले, तेव्हाही तो आंग्र्यांकडेच होता.