क्षयरोग उपचारांच्या देखरेखीसाठी प्रतिकार-प्रतिसाद चाचण्या

क्षयरोग उपचारांच्या देखरेखीसाठी प्रतिकार-प्रतिसाद चाचण्या म्हणजे क्षयजंतूंविरुद्ध रुग्णाच्या शरीराने दिलेली प्रतिक्रिया त्वचेवर किंवा रक्तात मोजून औषधांचा गुण येत आहे की नाही, याचा अंदाज घेण्याच्या पद्धती होत. थुंकीच्या तपासणीत जंतूंचा थेट शोध घेतला जातो. या चाचण्यांत मात्र जंतूंशी लढणाऱ्या पेशी आणि त्यांनी स्रवलेली द्रव्ये मोजली जातात. मँटू चाचणी आणि इंटरफेरॉन-गॅमा मुक्तता चाचणी (इग्रा) या त्यांपैकी सर्वांत परिचित चाचण्या आहेत. संसर्ग झाला आहे का हे पाहण्यासाठी त्यांचा वापर मान्य आहे. रुग्ण बरा झाला की नाही हे ठरविण्यासाठी तो मान्य नाही. या हेतूसाठी उपयुक्त ठरेल अशा नव्या चाचण्यांवर संशोधन चालू आहे.

पार्श्वभूमी

औषधे उपलब्ध होण्यापूर्वी क्षयरुग्णांना आरोग्यधामात ठेवले जाई. कोल्हापूरपासून जवळ असलेल्या मिरजेच्या वानलेसवाडी येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे आरोग्यधाम उभे राहिले. तेथील वैद्यकीय सेवेचा पाया घालणारे डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावावरून ही वस्ती ओळखली जाते. आरोग्यधामांच्या त्या काळात ताप, वजन, खोकला आणि क्ष-किरण चित्र हीच प्रगती जोखण्याची साधने होती.

मद्रास येथे घेतलेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीप्रयोगाने, घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, हे दाखवून दिले. त्यानंतर क्षयरोगाचा उपचार प्रामुख्याने घरी राहून होऊ लागला. रुग्ण रोज डॉक्टरांच्या नजरेसमोर नसल्याने ठरावीक टप्प्यांवर करता येईल अशा खात्रीच्या तपासणीची गरज वाढली.

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार भारतात साधारणतः सहा महिने चालतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दिली जातात. पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे दिली जातात. दोन महिन्यांच्या अखेरीस आणि उपचार संपताना थुंकी तपासली जाते. उपचार पूर्ण झाल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाचा पाठपुरावा केला जातो.

थुंकीच्या तपासणीलाही मर्यादा आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली मेलेला आणि जिवंत जंतू सारखाच दिसतो. जंतुसंवर्धनात फक्त जिवंत जंतू वाढतात; पण त्याच्या अहवालाला अनेक आठवडे लागतात. सीबीनॅट आणि गोव्यात निर्माण होणारी ट्रूनॅट या चाचण्या निदानासाठी उत्तम असल्या, तरी त्या मेलेल्या जंतूंचे डीएनए देखील पकडतात. त्यामुळे उपचार चालू असताना त्यांचा निकाल दिशाभूल करू शकतो. शिवाय रुग्ण सुधारू लागला की खोकला कमी होतो आणि थुंकीच येईनाशी होते. लहान मुले, तसेच लसीकाग्रंथी, मणका किंवा मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग असलेले रुग्ण यांच्याकडून थुंकीचा नमुना मिळणे अनेकदा अशक्य असते. या अडचणींमुळेच रक्ताच्या चाचण्यांकडे संशोधकांचे लक्ष वळले.

प्रतिकाराची यंत्रणा

क्षयजंतू फुप्फुसात शिरल्यावर महाभक्षी पेशी त्यांना गिळतात. पण हे जंतू त्या पेशींच्या आतही तग धरू शकतात. जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखविले जातात. त्या तुकड्यांना ओळखणाऱ्या टी पेशींची संख्या वाढते आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य स्रवतात. या द्रव्यामुळे महाभक्षी पेशींची जंतुनाशक क्षमता वाढते. संसर्ग आटोक्यात आल्यावर बहुतेक टी पेशी नष्ट होतात. काही मात्र स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात. या चाचण्यांचे सामर्थ्य आणि त्यांची उणीव या दोहोंचे मूळ या स्मृतीत आहे.

प्रचलित चाचण्या

त्वचा चाचणी : रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये क्षयजंतूंपासून ट्युबरक्युलिन तयार केले. ते औषध म्हणून निष्फळ ठरले. परंतु क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये आणि शार्ल मँटू यांनी १९०८ मध्ये त्याचा उपयोग त्वचा चाचणीसाठी केला. मँटू चाचणीत ०.१ मिलिलिटर द्रव हाताच्या कातडीत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी आलेल्या गाठीचा व्यास मोजतात. नुसती लाली मोजली जात नाही. ट्युबरक्युलिनमधील अनेक प्रथिने बीसीजी लशीतील जंतूंतही असतात; त्यामुळे लस घेतलेल्या व्यक्तीतही चाचणी सकारात्मक येऊ शकते.

इग्रा : या चाचणीत रुग्णाचे रक्त ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांच्या संपर्कात १६ ते २४ तास ठेवतात आणि टी पेशींनी स्रवलेले इंटरफेरॉन-गॅमा मोजतात. ही प्रथिने बीसीजीच्या जंतूंत नसल्याने लसीकरणाचा निकालावर परिणाम होत नाही. क्वांटिफेरॉन आणि टी-स्पॉट हे या चाचणीचे दोन प्रमुख प्रकार आहेत.

साय-टीबी : याच दोन प्रथिनांचा वापर त्वचा चाचणीसाठी करून साय-टीबी विकसित झाली. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया तिचे उत्पादन करते. या नव्या प्रकारच्या त्वचा चाचण्यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्यता दिली. क्षयसंसर्ग शोधून प्रतिबंधक उपचार देण्यासाठी त्या वापरल्या जातात.

प्रतिद्रव्य चाचण्या : रक्तातील प्रतिद्रव्यांवरून क्षयरोगाचे निदान करण्याचा दावा करणारे संच एकेकाळी भारतातील खासगी प्रयोगशाळांत सर्रास वापरले जात. त्यांचे निकाल विश्वासार्ह नसल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांच्या वापराविरुद्ध शिफारस केली आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. चुकीच्या निकालामुळे निरोगी माणसावर महिनोन्‌महिने औषधे लादली जाणे आणि खऱ्या रुग्णाचे निदान हुकणे, असे दोन्ही धोके त्यांत होते.

देखरेखीसाठी मर्यादा

जंतू कमी झाले की इंटरफेरॉन-गॅमाही कमी होईल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले. काही रुग्णांत पातळी उतरते, काहींत ती तशीच राहते, तर काहींत वाढते. यामागे पुढील कारणे आहेत :

* स्मृतिपेशी टिकून राहिल्याने पूर्ण बऱ्या झालेल्या व्यक्तीतही मँटू किंवा इग्रा अनेक वर्षे सकारात्मक राहू शकते.
* गंभीर आजार, कुपोषण, एचआयव्ही संसर्ग किंवा स्टेरॉइड औषधे यांमुळे टी पेशी मंदावतात. अशा रुग्णात चाचणी सुरुवातीला नकारात्मक येते आणि प्रकृती सुधारल्यावर सकारात्मक होते. येथे वाढलेला आकडा सुधारणेचे लक्षण असते.
* एकाच व्यक्तीचे रक्त काही दिवसांच्या अंतराने तपासले, तरी आकड्यांत फरक पडतो.
* औषधांनी जंतू मरत असतानाही प्रतिकार उसळून लसीकाग्रंथी सुजू शकतात. यास विरोधाभासी प्रतिक्रिया म्हणतात.

यामुळे उपचारांनंतर इग्रा सकारात्मक आली म्हणजे रोग शिल्लक आहे असे होत नाही. तसेच ती नकारात्मक आली म्हणून औषधे थांबविता येत नाहीत. औषधे मध्येच सोडल्यास रोग उलटण्याचा आणि जंतूंमध्ये औषधरोध निर्माण होण्याचा धोका असतो.

संशोधनाधीन सूचक

केवळ इंटरफेरॉन-गॅमाची पातळी न मोजता, क्षयजंतू ओळखणाऱ्या टी पेशी त्या क्षणी किती चेतविलेल्या आहेत, हे पाहण्याचा मार्ग अधिक आशादायक मानला जातो. या पेशींवरील सीडी३८ आणि एचएलए-डीआर ही चेतनेची चिन्हे सक्रिय रोगात जास्त आढळतात आणि यशस्वी उपचारांबरोबर घटतात. त्यांच्या मोजणीसाठी लागणारे पेशीमापन यंत्र महाग असून ते वापरण्यास कुशल तंत्रज्ञ लागतो. दुसरी दिशा रक्तपेशींतील जनुकांच्या क्रियाशीलतेची आहे. तीन जनुकांवर आधारलेल्या एका चाचणीचा गुणांक उपचारांबरोबर उतरत जातो, असे अभ्यासांत आढळले आहे. ही चाचणी बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर करता येते. सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची पातळीही उपचारांनी उतरते. मात्र ते इतर अनेक आजारांत वाढत असल्याने केवळ त्यावर विसंबता येत नाही.

पुण्याचे बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या विषयाशी संबंधित संशोधनात सहभागी आहे. सीट्रायम्फ या भारत-अमेरिका संयुक्त प्रकल्पात पुणे आणि चेन्नई येथील रुग्णांचा उपचारांदरम्यान व नंतर पाठपुरावा करण्यात आला. उपचार अयशस्वी होणे, रोग उलटणे आणि मृत्यू यांच्याशी निगडित असलेले रुग्णातील व जंतूतील घटक शोधणे हा त्याचा हेतू होता.

कोल्हापूरच्या संदर्भात उपयुक्तता

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. शहरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी आणि चंदगड हे डोंगराळ तालुके असून चंदगड कोल्हापूरपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. इग्रासाठी जिवंत पेशींची गरज असल्याने रक्त ठरावीक तासांतच प्रक्रियेला जावे लागते. थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी मात्र ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवरही करता येते.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत ओतकाम होते. ओतकामातील वाळूची सूक्ष्म धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस होऊ शकतो आणि सिलिकोसिस झालेल्यांना क्षयरोगाचा धोका अधिक असतो. अशा कामगाराच्या फुप्फुसातील व्रण क्षयरोग बरा झाल्यानंतरही क्ष-किरण चित्रात दिसत राहतात. चित्र संदिग्ध, थुंकी येत नाही आणि इग्रा स्मृतीमुळे सकारात्मक, अशा स्थितीत कोणतीही एक तपासणी पुरेशी ठरत नाही. लक्षणे, वजन, जंतुसंवर्धन आणि औषधे नियमित घेतल्याची नोंद यांचा एकत्रित विचार करूनच निर्णय घेतला जातो. रक्ताच्या नव्या चाचण्यांची खरी गरज अशाच रुग्णांना आहे.