परावलंबन : ईश्वरापुढे आणि मालकापुढे

ईश्वरावाचून माणूस उभा राहू शकत नाही, हा ख्रिस्ती धर्ममंडनातला फार जुना युक्तिवाद. आपल्या अभ्यासमंडळात तो निघाला की दोन वाक्यांत निकाल लागतो : ईश्वर ही शोषकांची सोय, पुढे चला. मीही बरीच वर्षे तसाच पुढे चालत आलो. पण हा युक्तिवाद कोणाच्या तोंडी होता आणि कोणाच्या पाठीवर पडला, हे पाहिल्यावर तो निकाल मला घाईचा वाटू लागला आहे.

बर्लिनचे प्राध्यापक आणि धर्मोपदेशक श्लायरमाखर यांनी या युक्तिवादाला आधुनिक रूप दिले. ईश्वरसिद्धीची जुनी प्रमाणे कांटने १७८१ साली मोडीत काढली होती. श्लायरमाखरांनी त्या प्रमाणांचा नाद सोडला आणि माणसाच्या जाणिवेकडे बोट दाखवले. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेवरील ग्रंथाची पहिली आवृत्ती १८२१-२२ सालची. ते म्हणतात, जगातल्या कोणत्याही वस्तूशी वा माणसाशी आपले नाते काही अवलंबनाचे, काही स्वातंत्र्याचे असते. संपूर्ण अवलंबन जाणवते ते फक्त ईश्वराविषयी. त्याच विद्यापीठातल्या हेगेलने १८२२ साली टोला हाणला : अवलंबनाची भावना हाच धर्म असेल, तर कुत्रा हा सर्वोत्तम ख्रिस्ती ठरेल!

हा टोला मला आवडला, हे कबूल करतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोहार घालून शिळी भाकरी उचलली, त्याला परावलंबनाची महती कोणी सांगू नये. पण हेगेलच्या टोल्यात एक गोष्ट निसटते. संपूर्ण अवलंबन फक्त ईश्वरावर असेल, तर पृथ्वीवरच्या कोणत्याही मालकाला ते मागता येणार नाही. बर्लिनच्या व्यासपीठावर हे वाक्य निरुपद्रवी होते. उसाच्या मळ्यात ते स्फोटक होते.

आणि मळेवाल्यांना ते नेमके कळत होते! १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील नीग्रो गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय असतात. यात २३२ ठेवले. योसेफ मिसरात गुलाम म्हणून विकला जातो, ती कथा ठेवली. मोशे आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढतो, ती कथा गाळली. त्यानंतरच्या दहा आज्ञा मात्र शाबूत. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा पौलाच्या नावावरचा उपदेश राहिला. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्रही नाही, असे म्हणणारे पौलाचेच वचन गेले. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला तोही १८०७ सालीच. व्यापार बंद झाला, मालकी राहिली, आणि मालकीला धर्मग्रंथ हवा होता. आपल्याकडे शूद्रांना ग्रंथच ऐकू दिला नाही. तिकडे ऐकवला, पण कातरून. कोणती रीत अधिक धूर्त, हे वाचकांनी ठरवावे.

डेव्हिड वॉकर हा बॉस्टनमध्ये जुने कपडे विकणारा स्वतंत्र काळा माणूस. त्याने १८२९ साली जगातल्या काळ्या लोकांना उद्देशून एक पत्रक काढले. त्याचा मुद्दा असा : आपण ईश्वराचे आहोत, म्हणूनच कोणाही गोऱ्याचे नाही, एक मालक असताना दुसरा कसला? खलाशांच्या हाती हे पत्रक दक्षिणेत पोचले आणि तिथल्या राज्यांनी ते रोखायला कायदे केले. विद्यापीठातल्या कोणत्या ग्रंथाचा असा धसका घेतला गेला होता? पुढे फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनात धार्मिक मालक सर्वांत क्रूर असतात असे अनुभवाने लिहिले, आणि ख्रिस्ताचा धर्म व या देशाचा धर्म यांत फारकत केली.

या लढ्याशी आपला धागा जोतीरावांनी जोडला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी मिशनऱ्यांचे मंडन जवळून ऐकले होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिक आहे, परंतु त्याला नामस्मरण नको, नैवेद्य नको, मधला दलाल तर नकोच. त्याने स्त्रीपुरुषांना स्वतंत्र निर्माण केले, म्हणून कोणी कोणाचा धनी नाही. वॉकरचाच हा तर्क, मात्र चर्चच्या बाहेर उभा राहून केलेला. मिशनऱ्यांना त्यांचा शिष्य मिळाला नाही. त्यांचा युक्तिवाद तेवढा जोतीरावांनी कामाला लावला.

बाबासाहेबांनी हा धागाही ठेवला नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग नाही, असे ते स्पष्ट मांडतात. दुःखाचे मूळ आणि त्यावरचा उपाय दोन्ही माणसाच्या हाती आल्यावर अवलंबून राहायचे कोणावर? मी याच बाजूचा आहे. मात्र हेगेलच्या त्या टोल्यावर आता मला पूर्वीसारखे हसता येत नाही. वॉकर १८३० च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनला वारला. तोपर्यंत त्याच्या पत्रकाची तिसरी आवृत्ती निघाली होती.